चवथीचा घास

२० जून २०२४
सिद्धेश्वर

प्रभू,

पत्राच्या माथ्यावर आधी आशीर्वाद लिहायचा, मग बाकीचं, असं मायनं शिकवलं होतं. पण पाच वर्सं ज्याच्याशी एक शब्द बोलले न्हाई त्याला आशीर्वाद कोणत्या तोंडानं लिहू, म्हणून वरती जागा सोडून ठेवलीय. मन झालं तर भरीन.

पत्र बघून हसशील. म्हणशील, अक्का अजून पोस्टातच बसलीय. काय करू बाबा, माझा फोन तू उचलत न्हाईस. रागिणीच्या फोनवरून लावला तर तुझी सीमा उचलती आन "ते मंडपावर गेलेत" म्हणती. माझी सून रागिणी पोरगी गुणाची हाय, पण फोनचा आवाज मोठा ठेवती, मग घरातली सगळी कान टवकारून बसत्यात. पत्राचा आवाज होत न्हाई. सातवी शिकले ती आज कामाला आली.

मुद्द्याचं सांगते. औंदा पंचमी नऊ ऑगस्टला हाय, शुक्रवारी. तू मला न्यायला ये.

चार पंचम्या गेल्या, माझ्या दारात मुराळी आला न्हाई. कोरोनाची दोन वर्सं सोडून दे, तवा कुणाचाच भाऊ कुणाला न्यायला आला न्हाई, आन खरं सांगते, मला बरंच वाटलं. बाकीच्या साली आळीतल्या बाया पिशव्या भरून भावाच्या मोटारसायकलवर बसून जात्यात आन मी शेळीला पाला टाकत उभी राहते. तुझे दाजी म्हणत्यात, अठ्ठावन्न वर्साची झालीस, आता मुराळी कशाला पाहिजे, एसटीत बस अन जा. पुरुषाला काय कळतंय. एसटीनं गेलं तर पाहुणी, आन भाऊ न्यायला आला तर लेक.

उपासाचं म्हणशील तर मी दर साली चवथीला तुझ्या नावानं उपास धरलाय. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणीनं भावाच्या आयुष्यासाठी उपाशी राहायचं ते मी एकदाबी चुकवलं न्हाई. त्या एका चवथीचं सोडून. त्या दिवसाचं पुढच्या पत्रात लिहीन.

सीमाला, शिवप्रसादला सांग, आत्यानं इचारलंय.

सत्यभामा


११ जुलै २०२४

प्रभू,

पोस्टमन म्हणतो पत्र कवाच पोचलं असंल. सीमाचा फोन आला होता, पण पत्राचं एक अक्षर बोलली न्हाई. पाऊस इचारला, सोयाबीन इचारलं, शेळी व्याली का ते इचारलं. मी म्हणलं, प्रभू कसा हाय. तर म्हणली, "हायेत. जरा थकलेत." पन्नाशीत कसला थकतोस रे. मी तुझ्यापरीस आठ वर्सांनी मोठी, अजून निंदायला जाते.

आता त्या चवथीचं. तू इसरला असशील असं न्हाई, पण माझ्या तोंडून एकदा सरळ निघू दे.

चार ऑगस्ट दोन हजार एकोणीस. आदल्या दिवशी तूच मला घेऊन गेला होतास, तुझ्या मंडपाच्या त्या छोट्या टेम्पोत, पुढं बसवून. सकाळी उठले, अंघोळ केली, उपास धरला, आन लाह्यांची जोंधळी निवडायला बसले तर माळाकडून जेसीबीचा आवाज. मी पदर खोचून पळाले. आपलं वारूळ, मायनं चाळीस वर्सं ज्याला दूध-लाह्या वाहिल्या, ज्याच्याभोवती फेर धरून गावातल्या बाया गायच्या, ते वारूळ त्या लोखंडी पंजात अर्धं गेलेलं. आतून एक धामण निघाली. बिचारी धामण, तिला इषबी नसतंय. पोरांनी काठ्यांनी तिथंच मारली.

तू टेप घेऊन जागा मोजत होतास. पुढारी येणार, पैठणीचा खेळ होणार, स्टेज मोठं पाहिजे. मी म्हणलं, अरे कुठं फेडशील हे. तू म्हणलास, "अक्के, पंचमीला खणायचं न्हाई म्हणून तर आजच खणून घेतलं." हसत म्हणलास. तुला वाटलं तू मोठा नेम पाळलास.

आन मग त्याच जागेवर उभा करायला पंधरा फुटाचा फायबरचा नाग टेम्पोतून उतरवलास, डोळ्यात लाल दिवे. म्हणलास, "आता वारुळाला कोण येतं गं? ह्याच्यापुढं फोटो काढायला बघ कशी रांग लागती. सण हाय म्हणून आपली चूल हाय." तुझं खोटं न्हवतं. मंडप, साउंड, दिवे, वारंगा फाट्यावरचं तुझं दुकान, सगळं सणावरच चालतं. मला ते तवाबी कळत होतं. पण मेलेली धामण डोळ्यांपुढं होती.

मी घरी आले. चुलीपाशी भाकरीची दुरडी होती. ओट्यावर बसले, तुला हाक मारली, आन तू पुढं उभा असताना भाकर मोडली, मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली. म्हणलं, "बघ. जेवले मी. मला भाऊ न्हाई."

सीमा चुलीपुढून उठून आली. आपल्याकडं बाईनं चवथीला भावादेखत जेवणं म्हणजे काय, ते तिला कळलं. तुलाबी कळलं. तुझ्या हातातला टेप सुर्रकन आत गेला, एवढाच आवाज झाला. मी पिशवी उचलून एसटीनं माघारी आले.

माझं चुकलं का? जेवले ते चुकलं. वारुळाचं बोलले ते न्हाई चुकलं. दोन्ही एकाच पत्रात लिहिते, तू काय घ्यायचं ते घे.

आज एक आठवलं. माझ्या लग्नानंतरची पहिली पंचमी. बापू मेंढरं घेऊन लांब रानात गेले होते, परत यायला दिवाळी. मायनं तुलाच धाडलं. दहा वर्साचा तू. हिंगोलीच्या स्टँडवर चुकून दुसऱ्याच गाडीत बसलास, मग कंडक्टरनं उतरवलं, रडू दाबत दुपार टळल्यावर दारात उभा. हातात लाह्यांची पिशवी, निम्म्या सांडलेल्या. मामंजींनी चेष्टा केली, "मुराळ्याला मिशी कवा येणार?" तर छाती काढून म्हणलास, "मिशीचं काय काम. मी अक्काला न्यायला आलोय." मामंजींनी तुला जेवायला बसताना पाट दिला होता, मोठ्या माणसाला देत्यात तसा.

तसा ये. एवढंच म्हणणं हाय.

सत्यभामा


२ ऑगस्ट २०२४

प्रभू,

परवा रागिणीच्या फोनवर शिवप्रसादनं लिहून पाठवलं, "आत्या, बाबा म्हणाले पंचमीचं मूळ पाठवतो." मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग शेळीला पाणी पाजायचं इसरले.

आता तुझ्यापुढं खोटं राहू देत न्हाई. पहिल्या पत्रात लिहिलं होतं की दर चवथीला उपास धरला. न्हाई धरला. एकाही साली न्हाई. चवथ आली की मी मुद्दाम सकाळी सकाळी जेवायची, आळीतल्या बायांना दिसंल असं दारात बसून. बाया इचारायच्या, काहून गं सत्यभामा, भावाचा उपास न्हाई का? मी म्हणायची, मला तकलीफ हाय, डॉक्टरनं सांगितलंय. आन घास गिळताना दर बारीला तुझ्या हातातला तो टेप आठवायचा. पाच साल मी तुला असं मारत राह्यले. कोरोनात तू आजारी पडलास हे कळलं तवा वाटलं माझ्या घासानंच झालं. तरी पुढल्या साली जेवलेच. माझा स्वभाव तुला ठावं हाय.

शेजारच्या मालनबाईला हे सांगितलं. आमी दोघी एकत्र निंदायला जातो. त्यांच्यात पंचमी करत न्हाईत, बौद्ध हायेत. ती म्हणली, "आमच्यात उपास न्हाई, पर माझा भाऊ आठ रोजाला फोन करतो. तू उपास धर न्हाईतर नको धरू, बोलणं काहून बंद केलं?" तिची लेक ज्योती हिंगोलीला मास्तरीण हाय. ती म्हणती, नाग म्हणजे साप न्हाई मावशी, ती नाग नावाची जुनी माणसं होती, त्यांच्या आठवणीचा हा दिवस. मला ते बराबर कळलं न्हाई. पण वाईट वाटलं की आपल्या सणाचं तिला माहीत आन मला फक्त तवा ठेवू नये, चिरू नये, एवढंच माहीत.

औंदा उपास धरणार हाय. आन एक ऐक. "मूळ पाठवतो" लिहिलंस, न्यायला कुणाला पाठवणार ते लिहिलं न्हाईस. तू स्वतः यायचं. दुसरं कुणी न्हाई.

सत्यभामा


७ ऑगस्ट २०२४, दिवस बुडताना

प्रभू,

आज शिवप्रसाद आला होता, टेम्पो घेऊन. तू न्हाई.

पोरगं केवढं झालंय. पाया पडला, चहा पुढं ठेवला तर थंड करून सोडला. मी इचारलं, तुझा बाप कुठं हाय. खाली बघत म्हणला, "आत्या, तुमी चला. काही इचारू नका, फक्त चला." मी म्हणलं, मुराळी भाऊ असतो, भाच्यानं न्यायला येणं ही कोणती रीत? म्हणला, "बाबाची तब्येत जरा..." मी त्याला पुरं बोलू दिलं न्हाई. मी म्हणलं, तब्येतीचं निमित्त मला सांगू नको, परवा पंचमीला महोत्सव हाय, दिवे लावायला तब्येत बरी असती, बहिणीला न्यायला बरी नसती व्हय.

तुझे दाजी म्हणले, जा ना, पोरगं एवढ्या लांबून आलंय. मालनबाई कुंपणापलीकडून म्हणली, "जा बाई, कुणी का येईना." पण मी हट्टाला पेटले होते. सणाचं सगळं तुमी मोडून खाल्लं, वारूळ गेलं, गाणी गेली, आता भावाचं येणंबी पोरावर ढकलायचं? एवढी एक रीत तरी राहू द्या. शिवप्रसादला म्हणलं, "बापाला सांग, यायचं तर स्वतः ये म्हणली. न्हाईतर मी गेल्या पाच सालासारखी जेवते."

तो उठला. टेम्पोत बसून बराच वेळ गाडी चालू केली न्हाई. मग गेला.

आता थोडं वाईट वाटायलंय. पण तू येशील. मला माहीत हाय तू येशील.

सत्यभामा


८ ऑगस्ट २०२४, चवथ

प्रभू,

सकाळी नऊला तुझा फोन. पाच वर्सांनी तुझा आवाज. "अक्के, निघालो गं." बस एवढंच. आवाज बारीक झालाय तुझा, पण मी ओळखला. मी काय बोलले ते मलाच आठवत न्हाई.

उपास धरलाय. लाह्या फोडून ठेवल्या. भिंतीवर गेरूनं नागोबा काढला, तुझे दाजी म्हणले शेपूट वाकडं झालं, होऊ दे. नवं लुगडं नेसून दारात बसलेय. हे पत्र तुझ्या हातातच देणार हाय, टपालात टाकायची गरज न्हाई.

साडेअकरापर्यंत यायला पाहिजे होतास.

बारा वाजून गेले.

फोन लावला, कुणी उचलत न्हाई. शिवप्रसादचाबी न्हाई. कुठंतरी मंडपाचं काम निघालं असंल. पुढाऱ्याचा फोन आला असंल, स्टेजचा खांब वाकडा झाला असंल. वाटेतून माघारी फिरला असशील.

एक वाजला. आळीतल्या सगळ्या बाया गेल्या. मी एकटी नवं लुगडं नेसून बसलेय, येणारं जाणारं माणूस बघतंय.

दीड वाजला. जेवले मी, प्रभू. दारातच बसून, अर्धी भाकर. आता तू येऊ नको.


२१ ऑगस्ट २०२४

प्रभू,

तुला सगळं ठावं हाय, तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला हे सांगायला माझं तोंड न्हाई.

सव्वातीनला शिवप्रसादचा फोन आला. तो नुसता रडत होता. मग टेम्पोवरच्या पोरानं फोन घेऊन सांगितलं.

तुला फेब्रुवारीतच झटका येऊन गेला होता. नांदेडला डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. तू म्हणलास, गणपतीचा सीझन होऊ दे. आन सगळ्यांना शपथ घातलीस की अक्काला सांगायचं न्हाई. सीमानं मला तुझे शब्द सांगितले, जसेच्या तसे: "अक्का आली तर पंचमीला येईल. आजाऱ्याला बघायला आलेली मला नको." माझ्यावर गेलास रे. तोच हट्ट.

शिवप्रसाद इथून रिकामा गेला, त्यानं माझा निरोप तसाच सांगितला. त्याची काय चूक, मीच म्हणलं होतं सांग म्हणून. तू ऐकलंस आन म्हणे हसलास. "अक्केचं बराबर हाय, भावानंच गेलं पाहिजे." सकाळी सीमा दारात आडवी उभी राह्यली, तर तिला बाजूला केलंस. गाडी शिवप्रसाद चालवत होता. कळमनुरीला गाडी थांबवलीस, मला हिरव्या बांगड्या घ्यायला. बांगड्या घेऊन उतरताना कासाराच्या दुकानाच्या पायरीवर म्हणलास, "जरा टेकतो." मग उठला न्हाईस. तिथल्या डॉक्टरनं नांदेडला न्या सांगितलं. गाडी उलटी फिरली. वारंगा फाट्यावर, तुझ्याच दुकानापुढून जाताना, साडेबाराच्या सुमाराला, तू गेलास.

साडेबारा. मी दीडला जेवले. मी दर रोज हा हिशेब करते, एक तास, एक तास. तू गेल्यावर मी जेवले, म्हणजे माझ्या घासानं तू गेला न्हाईस. मग तुझ्या मढ्यावर जेवले असं झालं. कुठूनबी धरलं तरी माझ्याच अंगावर येतं.

मी तुझ्या घरी पोचले ती एसटीनं. पंचमीच्या दिवशी. माळावर तुझा फायबरचा नाग उभा होता, दिवे बंद केलेले. कुणीतरी त्याच्यावर चादर टाकली होती.

दहाव्याला कयाधूच्या काठावर सटवाजीकाका माझ्याजवळ येऊन बसले. बापूंबरोबर मेंढरं राखणारे तेवढेच एक आता राह्यलेत. मी त्यांना सगळं सांगितलं, दोन्ही चवथींचं. म्हणलं, काका, मी उपास मोडला म्हणून गेला का माझा भाऊ? काकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणले, "पोरी, तुला त्या उपासाची कहाणी कुणी सांगितली न्हाई का? आमच्या लहानपणी म्हाताऱ्या सांगायच्या. एक बहीण होती. तिचा भाऊ मेला. तिला कुणी जेवू नको म्हणलं न्हवतं, उलट सगळे म्हणत होते जेव बाई, चार घास खा. पर तिच्या गळ्याखाली उतरंना. मग रानात तिला नाग दिसला, तिला वाटलं भाऊच आला, म्हणून त्याच्यापुढं लाह्या ठेवल्या. तिला एकटीला उपाशी कसं बसू द्यायचं, म्हणून शेजारणींनी त्या दिवशी आपली ताटं सारली. असं ते सुरू झालं. पुढं ती बहीण कुणाच्या ध्यानात राह्यली न्हाई, उपास तेवढा राह्यला."

मी म्हणलं, म्हणजे तो भावाच्या आयुष्यासाठी न्हवता?

काका म्हणले, "मेलेल्याला कसलं आयुष्य. तो काही नेम न्हवताच पोरी."

मी तुला जेवून मारलं न्हाई, असंच सांगत होते काका. मला तेवढ्यानं बरं वाटायला पाहिजे होतं. पण मला एकच दिसत होतं. रिकामा टेम्पो दारात उभा हाय आन शिवप्रसाद म्हणतोय, इचारू नका, फक्त चला. तुला मी वारुळावरून बोलले की तू नेम पाळलास आन सण मारलास. आन मी काय केलं? रीत धरून बसले आन भाऊ घालवला. दहा वर्साचा तू आला होतास तवा मामंजींनी पाट दिला. तुझं पोरगं आलं तर मी त्याला रीत इचारली.

पहिल्या पत्रात वर जागा सोडली होती, आशीर्वादाची. आज लिहायला बसले. पण लहान भावाला द्यायचा आशीर्वाद मला एकच येतो, औक्षवंत हो. दुसरा मायनं शिकवलाच न्हाई. म्हणून याही पत्रात वरची जागा तशीच हाय.

सत्यभामा


२८ जुलै २०२५, चवथ

प्रभू,

हे पत्र तुझ्या ओट्यावर बसून लिहिते.

काल शिवप्रसाद न्यायला आला. मी त्याला काही इचारलं न्हाई. चूल तशीच सोडली, शेळीचं रागिणीला सांगितलं आन टेम्पोत जाऊन बसले. निघायच्या आधी त्याला पाट दिला, बस म्हणलं, ताट वाढलं. तो म्हणला, "आत्या, एवढं काहून?" मी म्हणलं, मुराळ्याला देत्यात. तो मान खाली घालून जेवला. तुझ्यासारखाच भात शेवटी खातो.

कळमनुरीला त्यानं गाडी थांबवली न्हाई, मीच थांबव म्हणलं. त्या पायरीवर जरा बसले. कासारानं ओळखलं, पाणी दिलं. तू घेतलेल्या बांगड्या सीमानं मला तेराव्यालाच दिल्या होत्या, हे तुला लिहिलं न्हाई. त्या सव्वादोनच्या हायेत. तू माझं लग्नातलं माप सांगितलंस प्रभू. माझा हात आता केवढा झालाय, कामानं, वयानं. साबण लावून बघितलं, चढत न्हाईत. पिशवीतच असत्यात.

गावात पोचले तर शिवप्रसादला मंडपावर जावं लागलं. महोत्सव हायच. औंदा पुढारी दुसरा हाय, नाग तोच. वेशीवर मोठा फ्लेक्स लागलाय, भावाच्या उपवासाच्या हार्दिक शुभेच्छा, मोफत साबुदाणा खिचडी. मला राग येईल असं वाटलं होतं, आला न्हाई. पोरगं खांबावर चढून दिवे बांधत होतं, मी खाली उभं राहून म्हणत राह्यले, सांभाळून.

मग सीमानं मला हाताला धरून स्टेजच्या मागं नेलं. जिथं वारूळ होतं तिथंच, ढोपराएवढं नवं वारूळ आलंय. उधईनं पुन्हा बांधलं. भोवती चार बांबू ठोकलेत. मी म्हणलं, शिवप्रसादनं ठोकले का? सीमा म्हणली, "न्हाई वन्सं, ह्यांनी. तीन सालामागं माती वर आलेली दिसली तर स्टेज दहा फूट मागं सरकवलं. पुढारी चिडले, तर म्हणले, जमीन पोकळ हाय, खांब बसत न्हाई. मला म्हणले, अक्का येईल तवा दाखवू, आधी सांगायचं न्हाई."

तीन साल तुझ्याजवळ मला दाखवायला हे होतं. आन तीन साल मी तुझ्या नावानं दारात बसून जेवत होते.

मी तिथं लाह्या ठेवल्या. गाणं एकबी आठवलं न्हाई. स्टेजवर साउंड तपासत होते, हॅलो, हॅलो, वन टू. मी नुसती उभी राह्यले.

आता दुपार झालीय. मी ठरवून आले होते की उपास धरायचा न्हाई. काकांनी सांगितल्यावर कशाला धरू. म्हणलं त्याच ओट्यावर बसून जेवीन, सगळ्यांदेखत, आन तुला सांगीन की त्या दिवशी मला भाऊ न्हाई म्हणून जेवले, आज तू माझा हायेस म्हणून जेवते. सीमाला म्हणलं वाढ. तिनं भाकर आणली, ठेचा आणला, स्वतःचंबी ताट घेऊन शेजारी बसली.

भाकर मोडली. तोंडात घातली. चावली. पाणी प्याले. पुन्हा चावली.

सीमा माझ्याकडं बघत होती. मी घास पदरात काढून ठेवला. दुसरा घेतला, तोबी तसाच. सीमानं आपलं भरलेलं ताट हळूच बाजूला सारलं आन माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसून राह्यली.

मी उपास धरलेला न्हाई रे प्रभू. घास उतरंना.

अक्का